भावोजींचा काढलेला नंबर

ताईचा जनावरांचा दवाखाना आहे. तिथल्या लसींच्या फ्रिजवर माझा एक प्रोग्राम पाळत ठेवतो. एकदा सुरू केला की महिनोन्महिने चालतो आणि फ्रिज तापला की भावोजींच्या मोबाइलवर इशारा धाडायचा. त्याला आणखी वेगवान करावं, असं माझ्यातल्या दीडशहाण्याला वाटलं. कॉम्प्युटर माझ्या प्रोग्रामच्या फाइलचं स्वतःच्या भाषेत जे रूपांतर करतो, ते मी डिस्कवर साठवून ठेवलं. सुरू होताना मूळ फाइल बदलली का, हे प्रोग्रामने तपासणंही मी बंद केलं. कशासाठी? तर वर्षातून एकदा सुरू होणाऱ्या प्रोग्रामचा निमिषभर वेळ वाचावा म्हणून! अति शहाणा त्याचा बैल रिकामा. पण तेव्हा मी कॉलर ताठ करून हिंडत होतो.

पुढे ताई आणि भावोजी वेगळे झाले.

"दवाखाना माझा आहे, मी बघेन," ताई म्हणाली. "त्यांचा नंबर काढ, माझा घाल. आजच."

मी फाइलमध्ये नंबर बदलला, प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला आणि 'झालं' म्हणून मोकळा झालो. प्रोग्रामने नव्या फाइलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. साठवलेलं जुनंच उचललं आणि कामाला लागला.

रविवारी ताईचा फोन आला. "फ्रिज बंद पडलाय! एकही लस नाही आत. मला मेसेज का नाही आला?"

मी धावत पोचलो, तर दारात भावोजी. हातात बर्फाची पेटी.

"वेळेवर हलवल्या. सगळ्या चांगल्या आहेत," ते म्हणाले.

ताईने पेटी घेतली आणि आत गेली. भावोजी माझ्याकडे वळले. चेहरा खुलला होता.

"तिने माझा नंबर ठेवलाय, हे मला माहीत नव्हतं रे. मेसेज बघून फार बरं वाटलं."

प्रोग्रामच्या वेगावर तासभर बोलणाऱ्या मला आता दोनच वाक्यं बोलायची होती.

"भावोजी, तिने काढायला सांगितला होता. माझ्या चुकीने राहिला."

खिशातून दवाखान्याची किल्ली काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

"ही तिला दे. आणि आता नीट काढ."

ते गेले. मी किल्ली घेऊन दारातच उभा. आतून ताई विचारत होती, "गेले का रे? चहा टाकत होते मी."