वळणाखालची तारेची पेटी

मित्रांनो, नदीकाठच्या रस्त्याला जिथे चढाचं वळण आहे, तिथे कडेला वाकून पाहिलंत तर मी दिसेन. मी तारेच्या जाळीची एक जुनी पेटी आहे. नदीने रस्ता खाऊ नये म्हणून माझ्या पोटात दगड भरून मला त्या दोघांच्या मध्ये बसवलं.

मला भरलं ते रस्त्याच्या मुकादमाने आणि त्याच्या बायकोने. मोठे दगड जाळीला लागून, चपटी बाजू बाहेर, बारीक आत. एकही दगड टाकलेला नाही, सगळे बसवलेले. एकूण तीनशे बारा. मला मोजायची खोड आहे. दुसरा उद्योग तरी काय होता?

"घरात चष्मा कधी जागेवर ठेवला नाहीत," बायको म्हणाली, "आणि इथे दगडाचं तोंड कुठे हवं ते मला शिकवताय."

"चष्मा गेला तर रस्ता जात नाही," मुकादम म्हणाला.

पहिल्या पुरात पाणी तीन दिवस मला घासत होतं. रस्ता जागच्या जागी राहिला. साहेब गाडीतून उतरले, मला बुटाने दोनदा ठोकलं आणि "बरं आहे" म्हणाले. माझ्या वाट्याचं कौतुक एवढंच.

पुढे चढावर दम खाणाऱ्या गाड्यांना माझा शोध लागला. टेम्पो थांबला की ड्रायव्हर माझ्या झाकणाचा कोपरा उचकटायचा, एक दगड काढून चाकामागे लावायचा आणि निघताना तो रस्त्यातच सोडून जायचा. मुकादम कधी कुणाला बोलला नाही. रोज सकाळी तो दगड गोळा करी, माझ्यात नीट बसवी आणि तार पिळून जाई. हे काम कोणत्याही वहीत नव्हतं.

तो निवृत्त झाला. त्याच्या जागी त्याचाच जावई लागला. सासऱ्याने त्याला फावडं दिलं, घमेलं दिलं, हजेरीची वही दिली. दगडांचं सांगायचं राहून गेलं.

जावई मोठा टापटिपीचा माणूस. रस्त्यावर दगड दिसला की उचलून नदीत भिरकावायचा. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. रस्ता आरशासारखा झाला आणि मी रिकामी होत गेले. दोनशे. एकशे वीस. सत्तर. मला दुखलं नाही. हलकं वाटलं, तेही थोडे दिवस.

याच काळात मुकादमाच्या बायकोची मूत्रपिंडं गेली. दर तिसऱ्या दिवशी ती जीपने याच रस्त्याने शहरातल्या दवाखान्यात रक्त शुद्ध करून घ्यायला जाऊ लागली. दुसरा रस्ता नाही. खेप चुकली की अंग सुजायचं.

यंदा पूर आला तेव्हा माझ्यात एकेचाळीस दगड होते. पाणी माझ्यातून आरपार गेलं, मी चेपले, मागची माती सुटली आणि अर्धं वळण खाली बसलं. तिची एक खेप चुकली.

पाणी ओसरल्यावर ती आली, नवरा आणि जावई सोबत होते. चेहरा सुजलेला होता. जीपवाला म्हणाला, "काकू, खालून पोकळ आहे. गाडी घालणार नाही. पलीकडे दुसरी बोलावलीय, तिथवर चालाल?"

"न चालून करते काय?" ती म्हणाली.

मुकादम वाकून माझ्याकडे बघत राहिला. "दगड कुठे गेले?"

"नदीत," जावई म्हणाला. "रस्त्यात पडलेले असायचे, मामा. मला वाटलं, काठालाच पडतायत, काठच भक्कम होईल. तुम्ही सांगायला हवं होतं."

"तू फावडं मागितलंस. मी फावडं दिलं."

"भांडण परतीला करा," ती म्हणाली. "जावईबापू, हात द्या."

डोंगराच्या बाजूने ती एकशे चाळीस पावलं चालली. तेव्हापासून दर तिसऱ्या दिवशी चालते. नवी पेटी मंजूर आहे म्हणतात, आलेली नाही. गेल्या खेपेला ती वाटेत चार वेळा खाली बसली. मुकादम उभाच राहिला.

मित्रांनो, माझ्यातला दगड लागला तर जरूर घ्या. काम झालं की परत आणून बसवा, चपटी बाजू बाहेर. आणि आपलं काम दुसऱ्याच्या हाती देताना, जे कुठेच लिहिलेलं नसतं तेवढं आधी सांगा.

काल वळणाची आणखी हातभर माती गेली. उद्या तिची खेप आहे.