फ्रान्सात जेवलेला माणूस

“भाताला हातच नाय लावलान?” पडद्याआडून मैमुनाबीने विचारले आणि नवऱ्याच्या, याकूबच्या हातातले ताट ओढूनच घेतले.

बाहेर खाडीकडे तोंड करून बसलेला फ्रेंच साहेब तेल शोधणाऱ्या बोटीवरचा होता. सुरमईचे कालवण त्याने चमच्याने फस्त केले होते. मागाहून आलेल्या पांढऱ्या भाताकडे मात्र, आजाऱ्याचे जेवण मला कशाला, अशा नजरेने बघून त्याने ताट बाजूला सारले होते.

साल १९६४. मैमुनाबीला रत्नागिरीहून दुबईला येऊन जेमतेम महिना झाला होता. दुबईतल्या देऱ्याच्या किनाऱ्यावरची ही चार टेबलांची खानावळ याकूबने तिच्या हाताच्या भरवशावर थाटली होती. खलाशी, हमाल, कोकणातले दुकानदार, सगळे बोटे चाटत उठत. टाकलेले ताट तिने आज पहिल्यांदाच पाहिले.

“मना पयल्या बोटीनं गावाला धाडा,” ती म्हणाली. “गोऱ्यांसाठी रांधनं माझ्यानं नाय व्हायचं.”

तिचे डोळे भरले होते. आठ वर्षे एकट्याने काढल्यावर याकूबला कुठे घर घरासारखे वाटू लागले होते. आणि असा चेहरा त्याने पूर्वी एकदा पाहिला होता. ती गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नव्हती.

म्हणजे अर्धी सांगितली होती. खलाशी असताना फ्रान्समधल्या एका गावात, समुद्राला लागून असलेल्या लहानशा खानावळीत आपण जेवलो, हे तो येईल त्याला ऐकवायचा. पांढरीशुभ्र चादर टेबलावर, काचेचे पेले, काय विचारू नका! त्या एका जेवणाच्या जोरावर स्वारी देऱ्यात मिशीला तूप लावून हिंडायची.

“ऐक,” तो तिच्यासमोर खाली बसला. “मी फ्रान्सात जेवलोच नाय.”

“म्हंजे?”

“आधी माशाचं सार आनलान. मी म्हटलं, भात येंदे, मंग वरतून घेऊ. थांबलो. रांधनाऱ्या बायनं वाट बघितलान नि उचलून नेलान. मंग तळलेला मासा आला. म्हटलं, आता तरी भात येल. तो पन नेलान. शेवटी एक सफरचंद आलं, तेवडं खाल्लं नि उठलो. हा साहेब पन तसाच. त्यांच्यात एक खाऊन झालं की दुसरं, एकावर एक घालीत नाय. कोरडा भात कसा खानार तो?”

आता ही पोट धरून हसणार, असे गृहीत धरून याकूब मान खाली घालून बसला. मैमुनाबी हसली नाही. तिने भातावर वाफाळते कालवण ओतले.

“जा, कालवून दाखवा त्याला.”

याकूब ते ताट साहेबापुढे ठेवून स्वतः दुसरे घेऊन समोर बसला आणि हाताने भात कालवू लागला. “साब, ऐसा. यल्ला, चलो!” साहेबाने बिचकत हात घातला, पहिला घास घेतला, आणि मग मान वर केलीच नाही. ताट लख्ख होऊन आत आले.

“अजून मागतोय!” याकूबचा आनंद पोटात मावेना. “आता बोटीचं नाव नको काढूस.”

“नाय काढीत,” म्हणत तिने भात वाढला. मग डाव तसाच हातात राहिला.

“तुमी उठलाव तवा ती बाय काय बोलली?”

“काय बोलनार? दारात उभी हुती. तू मगा हुतीस तशी.”

“मंग तिला कोनी सांगितलान, तिचं रांधनं वायट नव्हतं म्हनून?”

इतक्या वर्षांत याकूबला स्वतःची फजिती हजारदा आठवली होती. हे एकदाही मनात आले नव्हते. बाहेर साहेब खुशीत टेबलावर बोटे वाजवत होता.

“कोनी नाय,” तो म्हणाला, आणि भरलेले ताट हातात घेऊन तिथेच उभा राहिला.