मार्शलच्या हाती न लागलेला चोर

मी एक जुनी, अंगभर ओरखडे पडलेली फिल्म आहे. मित्रांनो, अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या एका छोट्या टीव्ही केंद्राच्या तळघरात, पत्र्याच्या गोल डब्यात मी पडून असते. माझ्या पोटात मार्शल हॉलिस हा जुन्या काळचा पोलीस अधिकारी आहे. तो भरधाव घोड्यावरून चोराचा पाठलाग करतो आणि शेवटी त्याला पकडतो. म्हणजे, पकडत असे.

माझा जन्म कॅलिफोर्नियात झाला. तिथले डोंगर खरे होते, पण चित्रीकरणासाठी उभारलेले गाव नुसत्या दर्शनी भिंतींचे होते. पुढे मी बसच्या पार्सलातून एका टीव्ही केंद्रातून दुसऱ्या केंद्रात फिरले. शनिवारी सकाळी मुले मार्शलसारखी टोपी घालून बसत आणि "मागे बघ, मागे!" म्हणून त्याला ओरडून सांगत. काय थाट होता माझा!

एक रीत मात्र मला आवडत नसे. साबणाच्या जाहिरातींना जागा हवी म्हणून प्रत्येक केंद्रात माझा एखादा तुकडा कापत, खिळ्याला टांगत आणि मला पुढे धाडण्याआधी परत चिकटवत. एकदा बस सुटायला आली होती. घाईघाईत माझी दोन टोके तशीच जोडली गेली आणि तुकडा खिळ्यावरच राहिला. त्यातच मार्शल चोराला पकडतो आणि चोर आपले एकमेव वाक्य बोलतो. पुढच्या गावी कुणी साधी तक्रारही केली नाही. त्याचे मला फार वाईट वाटले.

मग रंगीत मालिका आल्या. मला कोण विचारतो? वर्षानुवर्षे अंधार आणि एकटेपणा.

एके दुपारी झाकण उघडले. केंद्रातला ड्वेन एका म्हातारीला म्हणत होता, "नशीब चांगलं तुमचं, मिसेस लिंडक्विस्ट! हीच ती. तुमचे यजमान ऑर्व्हिल यात चोर झाले होते ना?"

"व्हायचं काय त्यात? दिसायचाच तसा!" मिसेस लिंडक्विस्ट, म्हणजे वर्नाबाई, हसल्या. मग म्हणाल्या, "तो गेला, आणि त्याचा आवाज कुठेच उरला नाही रे. आम्ही कधी टेप करून ठेवलाच नाही. एकदा ऐकू दे, बस."

ड्वेनने मला प्रोजेक्टरवर चढवले तेव्हा मला धडकीच भरली. पडद्यावर ऑर्व्हिल घोड्यावरून उतरला, मागे वळला, त्याने तोंड उघडले, आणि एकदम तुरुंगाचे दार दिसले.

"तुकडा गेलाय," ड्वेन ओशाळला. "कुणीतरी कापला आणि परत लावलाच नाही. माफ करा हो."

वर्नाबाईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, "पुन्हा लाव."

पुन्हा ऑर्व्हिल वळला, त्याने तोंड उघडले. तेवढ्यात वर्नाबाईच घोगरा आवाज काढून म्हणाल्या, "मार्शल, मला मग बांध. आधी माझ्या घोड्याला पाणी पाज." आणि डोळे पुसत म्हणाल्या, "आठवडाभर स्वयंपाकघरात हेच घोकत होता मेला. मी मार्शल व्हायचे."

ड्वेनने न विचारताच मला तिसऱ्यांदा लावले.

मित्रांनो, बस चुकली तर चुकू द्या, पण कापलेले आधी जोडा. माझा तो तुकडा आता फक्त वर्नाबाईंना पाठ आहे, आणि त्यांचेही वय झाले आहे.