काट्यावरचे चाळीस

नाशिकच्या कडेच्या त्या छोट्या जलशुद्धीकरण केंद्रात सकाळचं ऊन कधी घाईनं येत नसे. आधी ते निलगिरीच्या शेंड्यांवर रेंगाळे, मग गाळणटाक्यांच्या निश्चल पाण्यावर उतरे, तिथून उसळून पंपघराच्या छतावर थरथरतं जाळं विणत बसे. आणि सव्वासातच्या सुमारास प्रवाहमापकाच्या पिवळट काचेवर तिरपं टेके.

केंद्राचा तरुण रसायनज्ञ धनराज त्या उन्हाकडे पाहत होता. चौकशीचे साहेब दहाला येणार होते. वस्तीत अठरा जणांना कावीळ झाली होती आणि ब्लीचिंग पावडर कमी टाकल्याचा ठपका जुने ऑपरेटर गोटीराम यांच्यावर आला होता. त्यांची नोकरी जाणार, हे उघड होतं.

"मीटरच्या काट्यावर चाळीस, तुमच्या तक्त्यात चाळीसपुढं जेवढी पावडर लिव्हली, तेवढीच टाकली," गोटीराम म्हणाले. "आन लोक म्हणत्यात, म्हाताऱ्यानं पावडर खाल्ली. पावडर खाऊन दात तरी पांढरे झाले असते ना, साहेब!"

धनराज हसला नाही. तिरप्या उन्हात काचेमागची झिजलेली इंग्रजी अक्षरं उमटली होती. तो वाकला.

ताशी हजार गॅलन.

पावडरीसाठी त्यानं बनवलेला तक्ता घनमीटरांचा होता. हजार गॅलन म्हणजे साडेचार घनमीटर. म्हणजे पाणी एकशे ऐंशी घनमीटर वाहत होतं आणि पावडर पडत होती चाळीसची. तक्ता लावल्यापासून, दोन महिने.

"काका, हे... हे गॅलन आहेत?"

"मंग? मी लागलो तवापासून गॅलनच हायती."

"मग मला बोलला का नाहीत?"

"कोणी इचारलं?" गोटीराम शांतपणे म्हणाले. "मला जेवढं कळत व्हतं, तेवढं बोललो व्हतो."

ऊन पुढे सरकलं. अक्षरं पुन्हा काळवंडली.

धनराजच्या खिशात साहेबांसाठी लिहिलेला जबाब होता. त्यातलं शेवटचं वाक्य असं होतं: 'मला कोणीही, कसलीही सूचना दिली नव्हती.' त्यानं कागद पंपाच्या चौथऱ्यावर पसरला. पेन बराच वेळ हवेतच राहिलं. मग त्यानं ते वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं:

'तक्ता लावल्याच्या तिसऱ्या दिवशी गोटीराम मला म्हणाले होते, पाण्याला पावडरीचा वास येत नाही. मी म्हणालो होतो, वासावर नको, तक्त्यावर चाला.'