बायनाकाकूची फुंक

वैष्णवीला पुण्याची प्रयोगशाळा बघायची होती, आणि त्यासाठी तिला फक्त एक उपाशी माणूस हवा होता.

तिची आतेबहीण निवेदिताताई त्या प्रयोगशाळेत कामाला. वैष्णवीच्या गावी, वालूरला येताना तिनं जेवणाच्या डब्याएवढं यंत्र आणलं होतं. त्यात मिड-इन्फ्रारेड लेझर, डोळ्याला न दिसणारा. पोट रिकामं राहिलं की शरीर चरबी जाळतं आणि श्वासात ॲसिटोन उतरतं, तेच नेलपॉलिश काढायचं. त्याचा कणाएवढा अंशही हा लेझर पकडतो. खऱ्या उपाशी माणसाची फुंक मिळव, सुट्टीत तुला पुण्याला नेते, असं ताईनं कबूल केलं होतं.

त्यात एकादशी आली. आज तर घरभर उपाशी, वैष्णवी हरखलीच. पहिला मान भुजंगकाकांना, त्यांच्या कडक उपवासाची गावात ख्याती. काकांनी मांडी घालून, डोळे मिटून फुंक मारली. यंत्रावरचा आकडा जागचा हलला नाही. सकाळपासून साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळी आणि वर केळी असं सगळं त्यांनी नेमानं घेतलं होतं. एकादशी अन् दुप्पट खाशी, दुसरं काय. काकांनी खापर यंत्रावर फोडलं. पुण्याच्या मशिनीला एकादशी काय कळती, म्हणाले.

यंत्र बिघडलं की काय ते बघावं म्हणून वैष्णवीनं चुलीपाशी बसलेल्या बायनाकाकूला फुंकायला लावलं. काकू कधीच उपवास धरायची नाही. आकडा सरसर चढला.

"मामी, तुम्ही जेवलात कधी?" ताईनं विचारलं.

"परवा." काकूनं खिचडी हलवली. "हे चुडाव्याला माझ्या भावाकडं नेतो म्हणले अन् नेलं न्हाई. तवापासून नुसत्या चहावर हाय. मी रुसलेय हे घरात एकाच्याबी ध्यानात आलं न्हाई. ह्या डब्याला कळलं."

काकांनी खजील होऊन चुलीवरची खिचडी ताटात वाढून तिच्यापुढं धरली. एका फुंकीवर भागत नाही, थोड्या वेळानं दुसरी लागते, तीही उपाशीपोटीच, असं ताईनं बजावलं होतं. वैष्णवीनं काकांचा हात धरला.

"काका, जरा दम धरा. काकू, अजून एक फुंक मार की."

काकूनं ताटाकडं पाहिलं, मग यंत्राकडं. तिच्या रुसव्याला एवढा भाव पहिल्यांदाच आला होता.

"मारते. आधी ह्यांला इचार, चुडाव्याला कवा जायचं?"

वैष्णवी काकांकडं वळली. तिचा पुण्याचा रस्ता आता चुडाव्यावरून जायलाय, हे तिला लख्ख कळलं होतं. काका मोटारसायकलची चावी शोधू लागले.

मग काकूनं दणकून फुंक मारली. आकडा पहिल्याहून वर गेला. आणि ताटातली खिचडी गार झाली म्हणून तिनं ती काकांनाच चुलीवर परत गरम करायला लावली.