बेटावरची दुसरी खोली

परतीची बोट आज सुटणार नाही, असं धक्क्यावरच्या माणसानं सांगितलं आणि भटकंतीच्या गटातल्या सगळ्यांनी एकदम फोन काढले. वारा फिरला होता, लाटा धक्क्याच्या पायऱ्या चढून वर येत होत्या. शनिवार-रविवार बेटावर काढायचा आणि सोमवारी निमूट कामावर जायचं, हा सगळ्यांचा बेत जागच्या जागी आडवा झाला होता. कोणी साहेबाला कळवत होतं, कोणी बायकोची समजूत घालत होतं. गटाची म्होरकी, एका शाळेतली खेळाची शिक्षिका, त्या माणसाशी हुज्जत घालत होती. जणू समुद्राला त्यानंच फूस लावली होती.

एक्स-रेताई मात्र पिशवी खाली ठेवून कठड्याला टेकली. तिला आनंद झाला होता, आणि तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ती लाटांकडे बघत राहिली.

इस्पितळात ती एक्स-रे काढायची, म्हणून गटात तिचं हे नाव पडलं होतं. वय पन्नाशीला टेकलेलं, लग्न झालेलं नव्हतं. का झालं नाही, याला एक असं कारण नव्हतं. आधी आईचं आजारपण, मग धाकट्या भावाचं शिक्षण, मग वडिलांची, अप्पांची, अधू होत गेलेली नजर. एकेक वर्ष असंच हातावेगळं होत गेलं. आता घरात ती आणि अप्पा, दोघंच. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात अप्पांचा जन्म गेला होता, आणि त्याच डोळ्यांना आता उजेड कुठे नि अंधार कुठे, एवढंच कळायचं. महिन्यातून एकदा शेजारच्या काकू त्यांच्याकडे लक्ष द्यायच्या आणि ती या भटक्यांबरोबर बाहेर पडायची. तरुण मंडळी डोंगरवाटांवरून धावत सुटायची, बाकीचे चालायचे, आणि सगळ्यांच्या मागून ती आणि मोजणीकर. दोघांना गटात मालगाडी म्हणत.

मोजणीकर म्हणजे जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. पत्नी जाऊन बरीच वर्षं लोटली होती, मुलगा लांब कुठेतरी स्थायिक होता. दोघांची ओळख झाली ती एक्स-रेच्या टेबलावर. हलू नका, असं तिनं बजावल्यावर ते म्हणाले होते की हलता आलं असतं तर इथं कशाला आलो असतो. या गटाबद्दल त्यांनीच तिला सांगितलं. त्यांचा गुडघा खरोखरच झिजलेला होता. तो तिनं आतून पाहिला होता. तिचे गुडघे ठणठणीत होते. वाटेत तिच्या बुटाची नाडी मात्र सारखी सुटायची.

संध्याकाळी तिनं घरी फोन लावला. बोट नाही तर काय पोहत येणार आहेस का, राहा की, असं म्हणून अप्पांनी फोन काकूंच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धावणारे बेटाला वळसा घालायला गेले आणि हे दोघं दीपस्तंभाच्या दिशेनं निघाले. दिवा आता आपला आपणच लागायचा, राखणदाराची गरज उरली नव्हती. त्याचं घर तेवढं खाली रिकामं उभं होतं: पुढे ओसरी, आत दोन खोल्या, मागे स्वयंपाकाची जागा. मोजणीकरांनी खिशातून किल्ली काढली तेव्हा एक्स-रेताई चमकली. किल्ली खिशात आहे, म्हणजे चौकशी आधीच झालेली होती.

आत चुन्याचा आणि बंद हवेचा वास होता. मोजणीकरांनी खिडक्या उघडल्या, भिंतीवर टकटक करून पाहिलं, ओल कुठे येते ते दाखवलं. टेबल इथं लावायचं म्हणाले, सकाळचं ऊन पडतं. भाडं नाममात्र आहे, शहरात आता माझं काही अडलेलं नाही, असंही म्हणाले.

"एकट्या माणसाला दोन खोल्या कशाला?" तिनं सहज विचारलं.

ते खिडकीची कडी नीट बसवत होते. पाठ तिच्याकडेच ठेवून ते म्हणाले, "मला एक पुरते. दुसरीचं तुम्हाला विचारायचं होतं."

बाहेर खाली कुठेतरी पाणी खडकावर आपटत होतं. ती त्या दुसऱ्या खोलीच्या उंबऱ्याशी उभी होती. आत पाऊल टाकलं नव्हतं, आणि आता टाकावं की नाही तेही कळेना.

"अप्पा आहेत," ती म्हणाली.

"त्यांनाही आणा. ओसरी मोठी आहे."

तिनं कारणं सांगितली. डोळ्यांचा डॉक्टर पाण्यापलीकडे. तिची नोकरी अजून संपलेली नाही. अप्पांना त्यांच्या घरातला कोपरा न् कोपरा हाताला पाठ आहे, इथं ते दारादारावर आपटतील. भाऊ काय म्हणेल. यातलं खोटं एकही नव्हतं, हीच पंचाईत होती. मोजणीकरांनी सगळं शांतपणे ऐकलं, मान हलवली आणि बरं म्हणाले. दाराला कुलूप घालताना मात्र किल्ली पहिल्या झटक्यात लागली नाही.

महिन्याभरात ते एकटेच बेटावर राहायला गेले.

गटाच्या पुढच्या भटकंतीला ती गेली. आता कोणासाठी थांबायचं नव्हतं. ती सरसर चढत निघाली ती थेट पुढच्यांच्यात जाऊन पोचली. अहो ताई, तुम्ही तर मालगाडी ना, असं शिक्षिका थट्टेनं म्हणाली. ती हसली, पण टेकडीवर जाऊन बसल्यावर करायचं काय हे तिला सुचेना. बाकीचे फोटो काढत होते. ती मागून येणाऱ्या वाटेकडे बघत बसली. त्या वाटेनं कोणीही यायचं राहिलेलं नव्हतं. मग तिनं गटाबरोबर जाणं सोडलंच. शनिवारी कपडे धुवायची, रविवारी अप्पांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. वाचता वाचता हवामानाच्या रकान्याशी थबकायची, वाऱ्याचा वेग, लाटांची उंची. ते मोठ्यानं वाचायची नाही.

मोजणीकरांचा फोन अधूनमधून यायचा, त्या घरात रेंज नसे, टेकडीवर चढावं लागे. छप्पर शाकारून घेतलं, गुडघा बरा आहे, काल मासे स्वस्त होते, असलंच काहीबाही बोलायचे. दुसऱ्या खोलीचं पुन्हा एकदाही काढलं नाही. तिथं काय ठेवलंय, असं तिच्या ओठांवर यायचं आणि तिथंच राहायचं.

अप्पांना दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते. एका सकाळी चहा घेता घेता ते म्हणाले, "त्या बेटावर मला ने एकदा."

ती म्हणाली, बोट हलते, उतरताना पायऱ्या निसरड्या असतात, तिथं बघण्यासारखं काही नाही.

"मला कुठं बघायचंय?" अप्पा म्हणाले. "फोन येऊन गेला की तू भांडी हळू घासतेस. ते काय आहे ते कळायला हवं मला."

पुढच्या शनिवारी ती त्यांना घेऊन निघाली. काकूंनी वाटेसाठी डबा दिला आणि वर दहा सूचना. बोटीत अप्पा कठड्याला घट्ट धरून बसले होते, तोंडावर पाण्याचे शिंतोडे उडाले की जिभेनं ओठ चाटून बघत होते. धक्क्यावर मोजणीकर इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. त्यांनी अप्पांचा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि आपल्या लंगड्या चालीनं पायऱ्या एकेक सांगत त्यांना वर नेलं. एक लंगडा आणि एक आंधळा, बरी जोडी जमली, असं अप्पाच म्हणाले.

दुपारी दोघं ओसरीवर खुर्च्या टाकून बसले. मोजणीकर विचारतील त्याला अप्पा मोजकं उत्तर देत होते. माणूस पारखायची त्यांची ती पद्धत होती. छापखान्याचा विषय निघाला तेव्हा जरा खुलले. उलटी अक्षरं वाचत जन्म काढला, सुलटी वाचायची वेळ आली तेव्हा डोळे गेले, असं म्हणाले.

ती आत चहा ठेवायला गेली. जाताना दुसऱ्या खोलीवरून जावं लागलं. दार उघडंच होतं. आत काहीच ठेवलेलं नव्हतं. फरशी पुसलेली, खिडकी उघडी, खिडकीला नवी कडी. ती तिथं जरा रेंगाळली आणि मग स्वयंपाकाच्या जागेत गेली.

चहा उकळत असताना मागच्या दारातून शेजारची शेळी आत शिरली. मोठ्या हक्कानं तिनं डब्याचं फडकं ओढलं आणि चघळायला लागली. एक्स-रेताईनं दुसरं टोक पकडलं. शेळी ऐकेना, हीही सोडेना. ओढाओढीत फडकं टर्रकन फाटलं, अर्धं शेळीच्या तोंडात आणि अर्धं हिच्या हातात. शेळी तोऱ्यात बाहेर पडली आणि दाराशी वळून हिच्याकडे अशी पाहायला लागली की हिला हसू फुटलं. आधी तोंड दाबून, मग आवरेना म्हणून भिंतीला टेकून, मोकळं, खळखळून.

ओसरीवर अप्पांचं बोलणं मध्येच तुटलं.

"आत कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही," मोजणीकर म्हणाले.

"मग हसतंय कोण?"

काय सांगावं, किती सांगावं, असं मोजणीकरांना झालं असावं. मग हळूच म्हणाले, "तुमची मुलगी."

इतका वेळ समुद्राकडे केलेलं तोंड अप्पांनी दाराकडे वळवलं, मान किंचित तिरकी केली आणि एक हात उचलून मोजणीकरांना थांबायची खूण केली. आत आता फक्त कपांचा आवाज येत होता. तरी अप्पा तसेच बसून राहिले, ते हसू पुन्हा ऐकू येईल म्हणून.