नानोहानाच्या झग्याला कुंकू

शनिवारी दुपारी सई महाविद्यालयातून घरी आली, तेव्हा तिचा जपानी झगा बैठकीच्या खोलीत, खिडकीच्या गजाला हँगरने लटकत होता. खरे तर तो कपाटात, मलमलीच्या पिशवीत असायला हवा होता. नुकत्याच केलेल्या इस्त्रीची ऊब अंगावर घेऊन तो असा उघड्यावर डोलत होता. पर्स खुर्चीवर टाकून तिने तो वरपासून तपासायला घेतला. हस्तिदंती सुती कापडावरची बारीक पिवळी फुले, छातीवरच्या चुण्या, शिंपल्याची बटणे, घेराची लेस, सारे जागच्या जागी होते. फक्त डाव्या शिवणीजवळ, लेसच्या दोन बोटे वर, हळदीचा ओलसर ठिपका होता आणि त्याच्या मधोमध कुंकवाचा.

"आत्या!"

"ओरडू नकोस, दूध उतू जाईल," स्वयंपाकघरातून कुसुमआत्याचा आवाज आला. पदराला हात पुसत ती बाहेर आली. "काय गं? इस्त्री नीट नाही झाली?"

"हे काय केलंस?"

"बोट लावलं. उद्या घालणार ना तू? नवा कपडा तसाच अंगावर घालतात का?"

"नवा कुठला! वीस वर्षांपेक्षा जास्त जुना आहे तो!"

"असेल. आपल्या घरात नवाच की." आत्याने ठिपक्याकडे समाधानाने पाहिले. "तुझ्या स्कूटरला लावलं, तुझ्या लॅपटॉपला लावलं, तेव्हा नाही बोललीस काही."

कुसुमआत्या म्हणजे तिच्या वडिलांची थोरली बहीण. नाशिक रोडच्या प्रेसमधली नोकरी संपवून ती निवृत्त झाली होती. सईचे आईवडील वणीला राहत. शिकवण्याची नोकरी लागल्यापासून सईचा मुक्काम आत्याकडेच होता. घरात आलेली कोणतीही वस्तू हळदकुंकवाचे बोट लागल्याखेरीज वापरात घ्यायची नाही, हा आत्याचा नेम तिला पाठ होता. तो या झग्यालाही लागू होईल, हे मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हते.

सई वस्त्रकला शिकवत असे आणि तिचा जीव जडला होता तो जपानच्या लोलिता फॅशनवर. नावावरून कुणी भलतेच समजू नये म्हणून ती आधीच सांगून टाकी, की हे कपडे चांगले अंगभर असतात. गुडघ्यापर्यंतचा घेर, आत फुगीर परकर, लेस, फिती, एकूण थाट जुन्या काळच्या युरोपी बाहुल्यांचा. आणि मुली ते घालतात ते स्वतःच्या हौसेसाठी. या फॅशनमधल्या मोठ्या कंपन्यांबद्दल लिहिणारे पुष्कळ होते. सईला ओढ होती ती लहान लेबलांची. दोन-तीन मैत्रिणींनी भाड्याच्या खोलीत शिवणयंत्रे मांडावीत, एकेका नमुन्याचे मोजकेच झगे शिवावेत आणि काही वर्षांनी निमूटपणे दार लावून घ्यावे, अशी ती लेबले. त्यांची संकेतस्थळे कधीच बंद पडली होती. जुन्या मासिकांच्या कोपऱ्यात टपालाच्या तिकिटाएवढी छायाचित्रे तेवढी उरली होती. सई ती गोळा करी, कापड आणि शिवण ओळखी, आणि 'मिटलेली लेबलं' या आपल्या पानावर त्यांची नोंद लिही. देशोदेशीच्या अनोळखी बायका तिला आपापल्या कपाटांतले झगे उलटे करून, आतली शिवण दिसेल असे फोटो पाठवत.

नानोहाना हे त्यांतलेच एक नाव. मोहरीसारख्या एका पिवळ्या फुलाचे. कोबे शहरातल्या या लेबलाचा हा एकच झगा सईला जपानमधल्या जुन्या कपड्यांच्या बाजारातून मिळाला होता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो शिवणारी हारुए किनोशिताही तिला सापडली होती. आता ती भरतकामाचे वर्ग घेत होती. नानोहानाच्या सगळ्या नमुन्यांची चित्रे तिच्यापाशी होती. ती पानावर घ्यायची परवानगी सईने मागितली, तेव्हा उत्तर आले ते एवढेच, की आधी झगा पाहायचा आहे, मग सांगेन. यापूर्वी दोन संग्राहकांना तिने नाही म्हटले होते. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल ठरला होता. तिने नकार दिला, तर नानोहाना तिकिटाएवढीच राहणार होती.

"घालणार नव्हतेच मी," सई कळवळून म्हणाली. "दाखवणार होते. तो जपायचा कपडा आहे, आत्या."

"म्हणजे कपाटातल्या कपाटात म्हातारा व्हायचा."

सईने झगा न्हाणीघरात नेला आणि घाईघाईने ठिपक्यावर साबण लावला. शिकवणाऱ्या बाईने करू नये अशी चूक तिने केली. साबण लागताच हळद लालभडक झाली आणि ठिपक्याची बशी झाली. तेवढ्यात बेल वाजली. दारात मोहिनी होती, सईची मैत्रीण. अंबडच्या एका जपानी कंपनीत ती दुभाषी होती आणि उद्याच्या संभाषणाची तयारी करायला आली होती.

"अगं बाई," झगा पाहून ती म्हणाली, "हे तर खून पडल्यासारखं दिसतंय."

"मोहिनी, प्लीज."

"साबण लावायच्या आधी विचारायचं होतंस मला," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात आता थोडी अपराधी नरमाई होती. "साध्या पाण्यानं खळबळ आणि उन्हात टाक. हळदीला ऊन सोसत नाही."

झगा गॅलरीत वाळत पडला. समोरच्या इमारतीतल्या शुभांगीकाकू लगेच कठड्याशी आल्या. "कुसुमताई, झबलं फार मोठं शिवलंत! कुणाचं बारसं?"

"आमच्या सईचं!" आत्याने तिथूनच उत्तर दिले. "या उद्या, घुगऱ्या देते."

दोघी मोठ्याने हसल्या. सई आत निघून गेली. असा झगा घालून कॉलनीच्या फाटकापर्यंत जाण्याची कल्पनासुद्धा तिला का करवत नव्हती, ते या एका वाक्यात सामावले होते. जगभरच्या मुलींना हौसेने कपडे घालण्याबद्दल ती उत्साहाने लिही आणि स्वतः मात्र रोज तोच निळा किंवा करडा कुर्ता घालून बाहेर पडे.

संध्याकाळपर्यंत हळद पुष्कळशी उडाली. कुंकू मात्र राहिले. विरलेल्या गुलाबी रंगाचे, रुपयाएवढे.

रविवारी सकाळी लॅपटॉप टेबलावर ठेवला गेला. डावी शिवण भिंतीकडे जाईल अशा बेताने सईने झगा टांगला. आत्याला स्वयंपाकघरातून बाहेर न येण्याची ताकीद मिळाली होती आणि तिने ती आश्चर्यकारक शांततेने मान्य केली होती.

पडद्यावर किनोशिताबाई आल्या. साठी उलटलेली, आखूड पांढऱ्या केसांची, गळ्यात शिवणाची टेप अडकवलेली बाई. नमस्कार झाले आणि त्या पडद्याजवळ सरकल्या. झग्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी एक वाक्य उच्चारले.

"म्हणतायत, वरून दुसरं बटण बदललेलं आहे, पण चांगलं शोधलंय कुणीतरी," मोहिनीने सांगितले.

चुण्या दाखवून झाल्या, बाह्या दाखवून झाल्या. मग पुढचा प्रश्न ऐकून मोहिनीचा चेहरा बदलला. ती ओठ न हलवता मराठीत पुटपुटली, "डाव्या शिवणीजवळची लेस बघायचीय त्यांना. तिथं लेसचा जोड आहे म्हणे, दोनदा उसवून लावला होता. तू उजवी दाखव. कॅमेऱ्यात काय कळतंय!"

सईने हँगर हातात घेतला. उजवी शिवण दाखवणे अगदी सोपे होते. पण समोरची बाई एका जोडासाठी इतकी वर्षे मनात जागा ठेवून होती, आणि तिला दुसरीच शिवण दाखवून आपण तिच्याच कामाची खरी नोंद ठेवण्याची परवानगी मागणार, हे सईला जमण्यासारखे नव्हते. तिने झगा फिरवला आणि डावी कड कॅमेऱ्यासमोर धरली.

"इथे डाग आहे," ती म्हणाली. "आमच्या घरात पडला. परवा नाही, कालच. मी धुतला आणि आणखी बिघडवला. सांग त्यांना, मोहिनी. जसंच्या तसं."

मोहिनीने तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघराचे दार उघडले.

"डाग काय डाग म्हणतेस!" कुसुमआत्या थेट लॅपटॉपसमोर आली. "नमस्कार हो किनोशिताबाई. तो डाग नाही. मी लावलंय ते, मुद्दाम. मोहिनी, सांग."

"अहो आत्या, बोट लावणं याला जपानीत काय म्हणू मी?"

"तुला नाही येत? मग कशाला पगार घेतेस!" आत्याने देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा आणला, स्वतःच्या कपाळाकडे बोट केले, मग झग्याकडे. एवढ्याने भागेना, तेव्हा तिने लॅपटॉपच उचलून शेजारच्या आरशासमोर धरला. त्याच्या पडद्याखालच्या पट्टीवरचा जुना, वाळलेला कुंकवाचा ठिपका किनोशिताबाईंना आरशातून दिसला. "हे बघा, तुम्ही ज्यातून बोलताय, त्यालापण आहे! नवं काही आलं की लावायचं. वापरणाऱ्याचं बरं व्हावं म्हणून."

मोहिनी हसत, अडखळत भाषांतर करत राहिली. पलीकडे किनोशिताबाईंनी तोंडावर हात धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. हसू आवरल्यावर त्यांनी विचारले, म्हणजे ही मुलगी तो घालणार आहे का?

"मला तसंच वाटलं, म्हणून तर लावलं," आत्या म्हणाली. "ही म्हणते, कपाटात ठेवायचा."

सई खाली पाहू लागली. किनोशिताबाई गंभीर झाल्या. मागच्या बाजूला, मानेच्या आतून, लाल दोऱ्याचे काही टाके अजून आहेत का, असे त्यांनी विचारले.

टाके होते. सईने आपल्या टिपणात त्यांच्यापुढे 'आधीच्या मालकिणीने केलेली दुरुस्ती; उसवता येईल' असे लिहून ठेवले होते. तिने झगा उलटा करून ते दाखवले.

"ते त्यांनीच घातलेत," मोहिनी आता संथपणे, एकेक वाक्य सांगत होती. "प्रत्येक झग्याला, हातानं. त्यांची आजी लहान मुलांच्या किमोनोच्या पाठीवर असे टाके घालायची. पाठीला डोळे नसतात, म्हणून मागून काही वाईट येऊ नये यासाठी. याबद्दल त्यांनी कुठंच लिहिलं नव्हतं."

"तीट लावतो तसं," आत्या म्हणाली.

"ते दोन संग्राहक होते ना, त्यांनी झगे काचेच्या पेटीत ठेवलेले फोटो पाठवले होते. म्हणून नाही म्हटलं. म्हणतायत, पेटीच्या पाठीसाठी मी टाके घातले नव्हते." मोहिनी पुन्हा ऐकू लागली आणि खुर्चीतच उसळली. "सई! चित्रं देतायत! सगळी! पण एक अट आहे. नानोहानाच्या पानावर हँगरचा फोटो नको. कुणाच्या तरी अंगावरचा हवा. आणि पहिला तुझा."

"माझा?"

"आजच, म्हणतायत."

झगा खांद्यात जरा घट्ट बसला, पण बसला. परकर म्हणून आत्याने आपला कडक खळीचा जुना परकर दिला, आणि घेर असा फुलला की सईला दारातून तिरपे निघावे लागले. फोटोसाठी बाहेरच पडायचे तर मिसळ खायला जाऊ, असे आत्याने परस्पर ठरवून टाकले.

"मिसळ? या झग्यात? आत्या, तर्री असते!"

"हळद उडाली, तशी तीही उडेल."

फाटकाशी शुभांगीकाकू भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. सईचे कान तापले. काकूंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले, लेस दोन बोटांत धरून पाहिली आणि म्हणाल्या, "आमच्या सायलीला दाखव गं हा. आणि बारशाच्या घुगऱ्या राहिल्यात हं!"

"संध्याकाळी या," सई म्हणाली आणि स्वतःच हसली.

हॉटेलात आत्याने तिच्या गळ्यात न्हाव्यासारखा मोठा पांढरा पंचा बांधला. मोहिनीने फोटो काढला तो नेमका पंचा सोडतानाचा. सईचे तोंड उघडे, समोर लालभडक मिसळ, आणि कडेला आत्याचा अर्धा हात. तोच किनोशिताबाईंना पाठवला गेला. उत्तर लगेच आले. ताटात काय आहे, एवढेच त्यांनी विचारले होते.

घरी परतल्यावर सईने नानोहानाचे टिपण उघडले. 'दुरुस्ती' हा शब्द खोडून तिथे लाल टाक्यांची हकीकत लिहिली. खाली 'डाग आणि दोष' असा रकाना होता. तो तिने रिकामा ठेवला आणि वर, लेस आणि बटणांच्या वर्णनाशेजारी, लिहिले : 'डाव्या शिवणीजवळ हळदकुंकू. कुसुमआत्या, नाशिक रोड.'

"नाव नीट लिहिलंस ना?" मागून आत्याने विचारले, आणि चष्मा लावून स्वतः तपासून पाहिले.